खांद्याचा सांधा बदललाय? या चुका टाळा

ऑपरेशन छान झालं, तीन-चार महिन्यांत हात केसांपर्यंत पोचायला लागला, आणि अचानक खांद्याच्या वरच्या टोकाला ठणका सुरू झाला. कुठे पडणं नाही, मार लागणं नाही. घरचे म्हणतात, ‘व्यायाम जास्त झाला असेल.’ सांधा रिव्हर्स शोल्डर प्रकारचा असेल तर हे वाक्य महागात पडू शकतं.

फ्रान्सचे सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८०च्या दशकात पुढे आणलेल्या या सांध्यात रचना उलटी असते: गोळा पात्याच्या हाडावर बसतो आणि वाटी दंडाच्या हाडात. फाटलेल्या रोटेटर कफचं (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या पट्ट्याचं) काम खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू अंगावर घेतो. तो जिथून निघतो त्या खांद्याच्या टोकाच्या हाडावर म्हणजे अ‍ॅक्रोमियनवर आणि पात्यामागच्या आडव्या उंचवट्यावर ताण वाढतो. हाड ठिसूळ असेल तर रोजच्या हालचालींनीही तिथे तडा जातो.

त्यामुळे दुखणं रेटून व्यायाम करू नका, चोळून तर मुळीच घेऊ नका. हाडावर बोट दाबल्यावर कळ येते, वर जाणारा हात पुन्हा खाली राहायला लागलाय? स्लिंग (हाताची झोळी) घाला आणि सर्जनला दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणं ही सगळ्यात मोठी चूक. बारीक तडा त्यात बऱ्याचदा दिसत नाही. दुखणं कायम असेल तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. बहुतेकांना काही आठवडे स्लिंग आणि विश्रांती एवढंच सांगतात. पण तडा सरकला तर हात पूर्वीइतका वर जाईलच असं नाही.

पडल्यावर दंडाचं हाड मोडणं वेगळं. ते बहुधा हाडात बसवलेल्या इम्प्लांटच्या (कृत्रिम सांध्याच्या) दांड्याच्या आसपास मोडतं, आणि मनगट उचलणारी नस तिथूनच जाते. हाडवैद्याकडे ओढून बसवून घेऊ नका. मनगट लुळं पडलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. इम्प्लांटचे स्टिकर लावलेली जुनी फाइल सोबत न्या. दांडा सैल झालाय की घट्ट आहे, यावर प्लेट लावायची की दांडा बदलायचा हे ठरतं.

खुर्चीतून, कमोडवरून उठताना त्या हातावर भार देणं टाळा. आणि ‘कॅल्शियम चालू आहे’ म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचे (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचे) उपचार झाले असं नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर -२.५ किंवा त्याखाली असेल तर वेगळी औषधं लागतात. संधिवातासाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही सर्जनला सांगा; मनाने बंद मात्र करू नका.