क्रेडिट म्हणजे पैसे आले की राहिले? आधी विचारा वही कोणाची

सोलापूरच्या चाटी गल्लीत टॉवेल-चादरीच्या होलसेल दुकानात मी हिशोब बघते, आणि दिवसातनं पन्नासदा कानावर पडणारा शब्द म्हणजे क्रेडिट. बँकेचा मेसेज येतो अमुक रुपये क्रेडिट झाले, म्हणजे पैसे आले. तेवढ्यात लातूरचं गिऱ्हाईक फोनवर म्हणतं दहा डझन क्रेडिटवर पाठवा, म्हणजे पैसे आत्ता नाहीत. दुकानात नवीन लागलेली पोरं इथंच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी पण अडकले होते. सुरुवातीच्या वर्षी एका कारखान्याकडनं खराब माल आला, आम्ही परत केला, तिकडनं सांगितलं "ताई, तेवढे क्रेडिट करतो". मी आठवडाभर रोज बँकेचं खातं बघतेय, पैसे काही येईनात, शेवटी चिडून फोन केला तर ते म्हणाले अहो क्रेडिट नोट कधीच काढली की, पुढच्या बिलात वळती करून घ्या. क्रेडिट नोट म्हणजे परत गेलेल्या मालाची रक्कम बिलातनं कमी केल्याचा कागद. त्यांनी पैसे पाठवतो असं म्हटलंच नव्हतं, आणि मालकांना मात्र मी पैसे येणार म्हणून सांगून बसले होते. तेव्हापासनं क्रेडिट ऐकलं की माझा पहिला प्रश्न एकच, कोणाच्या वहीत?

बँकेचं घ्या. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते, आपल्या नाही. आपण पैसे ठेवले की बँक आपलं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत ते आपल्या नावावर जमा, म्हणजे क्रेडिट. तीच रक्कम आपल्या टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बँकेच्या खात्याला नावे पडते, म्हणजे डेबिट. जुन्या खतावणीत जमा आणि नावे हेच दोन शब्द होते, ते डोक्यात धरले की घोळ होत नाही.

आता क्रेडिट नोट, कारण इथं खरा पैसा अडकतो. समजा डझनाला 1,800 रुपये भावानं दहा डझन टॉवेल घेतले, 18,000 झाले, त्यावर 5 टक्के जीएसटी 900, बिल 18,900. गाठोडं सोडलं तर दोन डझनांची किनार उसवलेली. ते परत पाठवले की विकणारा 3,600 आणि त्यावरचा 180 जीएसटी अशी 3,780 ची क्रेडिट नोट काढतो, आपलं देणं राहिलं 15,120. त्या नोटेवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख आहे का ते बघायचंच, नाहीतर वर्षाच्या शेवटी कुठली नोट कुठल्या बिलाची हे शोधत बसावं लागतंय. आणि 900 चं इनपुट टॅक्स क्रेडिट आपण धरलं असेल तर त्यातले 180 कमी करायचे. हे इनपुट क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स विक्रीच्या टॅक्समधनं वजा करायची सवलत, हातात रोख काही येत नाही. विकणाऱ्यानं बिल जीएसटीच्या पोर्टलवर चढवलंय का ते दर महिन्याला टू-बीत, म्हणजे पोर्टलवर आपल्या इनपुट क्रेडिटची यादी येते त्यात, बघा. आणि बिलाच्या तारखेपासनं 180 दिवसांत त्याचे पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.

उधारीचं क्रेडिट सगळ्यात नाजूक. "क्रेडिट चालेल का" म्हटलं की लगेच विचारायचं किती दिवस, आणि दिवस बिलाच्या तारखेपासनं धरायचे की माल पोचल्यापासनं, आणि ते बिलावर लिहायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या, सरकारकडं लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखान्याकडनं माल घेत असाल तर लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं, आणि वर्षअखेरीला पैसे द्यायचे राहिलेच असतील तर त्या मालाचा खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये वजा धरता येत नाही. मला हा कायदा मनापासनं बरोबर वाटतो, कारण उधारी लांबली की कारखानदारानं मजुराला आठवड्याचा पगार कुठनं द्यायचा?

बँकेत सीसी म्हणतेत ते कॅश क्रेडिट, मालावर आणि येणं असलेल्या उधारीवर मिळणारी कर्जाची मर्यादा. पाच लाखांची मर्यादा असली आणि दोन लाख उचलले तर व्याज दोनवरच. ते आपले पैसे नाहीत, शिल्लक समजून खर्च करू नका. क्रेडिट कार्ड पण तसंच, कर्जच आहे ते.

क्रेडिट स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, हप्ते वेळेवर गेले की चढतो. याला आपल्याकडे आधीपासनं शब्द आहे, पत. पतसंस्थेतली पत तीच. क्रेडिटच्या मुळाशी पण लॅटिनमधला विश्वास असा अर्थ आहे, म्हणजे बाजारात अमक्याची पत चांगली म्हणतेत ते शब्दाच्या अगदी जवळ जातं.

एक काम मात्र आजच करा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काउंटरवर गर्दी असते, कोणीतरी मोबाईल पुढं करून "बघा, क्रेडिट झालं" म्हणतं आणि चादर उचलतं. त्याच्या मोबाईलवरचा मेसेज बघून माल सोडू नका, बनावट मेसेज करता येतात. आपल्या खात्यात जमा दिसलं किंवा आपल्या साउंडबॉक्सनं रक्कम सांगितली की मगच पिशवी हातात द्या.