ब्लॉकचेन गेम स्टार्टअपची छाननी: टोकन झाकून ठेवा आणि आधी गेम खेळा

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर सामायिक ठेवलेल्या व्यवहारांच्या खुल्या वहीवर, गेम बनवणारी कंपनी निधी मागायला येते तेव्हा तिच्या सादरीकरणात टोकन (गेमचे विकता येणारे डिजिटल नाणे) तिसऱ्या स्लाइडवर असते आणि गेम दहाव्या. छाननी करणाऱ्याने हा क्रम उलटा करावा. टोकनचा तक्ता, बाजारपेठेचा आकार आणि सल्लागारांची छायाचित्रे बाजूला ठेवून कंपनीकडून गेमची चालती आवृत्ती मागून घ्यावी आणि ती स्वतः आठवडाभर खेळावी. हे खेळणे कार्यालयातल्या भारी संगणकावर करू नये. आपल्याकडचा बहुतांश खेळाडू दहा-बारा हजारांच्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर खेळतो, म्हणून आपणही तसाच फोन घ्यावा. गेम उघडल्यापासून पहिला डाव सुरू होईपर्यंत किती वेळ लागला आणि वॉलेट (टोकन ठेवण्याचे डिजिटल पाकीट) उघडण्याची मागणी नेमकी कुठे आली, हे घड्याळ लावून लिहून ठेवावे. चर्चगेटहून विरारला जाणाऱ्या गाडीत उभ्याने खेळणारा माणूस वॉलेट परत मिळवण्यासाठी लागणारे बारा इंग्रजी शब्द कागदावर उतरवून तो कागद जपून ठेवण्याच्या भानगडीत पडणार नाही. त्याने आधी गेम बंद केलेला असेल.

त्यानंतर संस्थापकांना एकच विनंती करावी: काही निवडक खेळाडूंसाठी टोकनचे बक्षीस पूर्णपणे बंद ठेवून महिनाभर गेम चालवा, आणि दुसऱ्या, सातव्या व तिसाव्या दिवशी किती जण परत आले ते दाखवा. बक्षीस थांबताच खेळाडू पांगत असतील, तर कंपनीकडे जी गर्दी आहे ती खेळाडूंची नसून रोजंदारीवर आलेल्यांची आहे. ही चाचणी करायला जे संस्थापक खळखळ करतात, त्यांच्याबाबतचा माझा निर्णय बहुधा तिथेच होतो.

पैसा कोणाच्या खिशातून येतो

या क्षेत्रात सर्वांत उपयोगी धडा ॲक्सी इन्फिनिटीचा आहे, आणि छाननीला बसण्यापूर्वी त्याचा हिशेब स्वतः मांडून पाहावा. व्हिएतनाममधील स्काय मेव्हिस या कंपनीच्या या गेममध्ये प्रवेश करायचा तर तीन ॲक्सी, म्हणजे एनएफटी (मालकीची नोंद ब्लॉकचेनवर असलेली डिजिटल वस्तू) स्वरूपातील तीन प्राणी, लागत. खेळून एसएलपी नावाचे टोकन मिळे, आणि नवे प्राणी पैदा करण्यासाठी तेच एसएलपी खर्च होई. एसएलपीच्या एकूण संख्येवर मर्यादा नव्हती. नवे खेळाडू येत होते तोवर नव्या प्राण्यांना गिऱ्हाईक होते, प्राण्यांना गिऱ्हाईक होते म्हणून एसएलपीला मागणी होती, आणि २०२१मध्ये फिलिपिन्समधील अनेक कुटुंबे या कमाईवर विसंबली होती. ज्यांना तीन प्राणी विकत घेणे परवडत नसे ते दुसऱ्याचे प्राणी घेऊन खेळत व कमाईतला वाटा मालकाला देत. शेतीतली बटाईच ती. नव्यांचा ओघ आटला तसा एसएलपीचा भाव कोसळला. २०२१च्या मध्यावर ३० सेंटच्या वर गेलेले हे टोकन वर्षभरात एका सेंटच्याही खाली आले. कंपनीने फेब्रुवारी २०२२मध्ये साहस-फेरीतून आणि रोजच्या कामगिरीतून मिळणारे एसएलपी बंद केले, पण तोवर उशीर झाला होता.

हीच तपासणी समोरच्या कंपनीला लावण्यासाठी मोठ्या मॉडेलची गरज नाही. एक कागद पुरतो. समजा, गेममध्ये २०,००० खेळाडू आहेत, प्रत्येक जण रोज ५० टोकन मिळवतो, त्यातली २० गेममध्येच खर्च करतो आणि एका टोकनचा भाव २ रुपये आहे. म्हणजे रोज ६ लाख टोकन, अर्थात १२ लाख रुपयांचा माल, विक्रीला येतो. भाव टिकवायचा असेल तर कोणीतरी रोज १२ लाख रुपये आत आणले पाहिजेत. नवा खेळाडू प्रवेशासाठी ३,००० रुपये मोजतो असे धरले, तर रोज ४०० नवे खेळाडू हवेत, म्हणजे रोजची २ टक्के वाढ. हे ४०० जण दुसऱ्या दिवसापासून स्वतःही टोकन विकू लागतात, त्यामुळे २ टक्क्यांचा दर खाली येत नाही. तो रोज वाढत्या संख्येवर बसतो. वर्षाच्या अखेरीस त्या गेमला सुमारे पावणेतीन कोटी खेळाडू लागतील. हा आकडा संस्थापकांसमोर ठेवून शांत बसावे. काही जण लगेच विपणनाच्या खर्चाची भाषा सुरू करतात. ज्यांनी खरोखर विचार केलेला असतो ते सांगतात की आमच्याकडे केवळ हौसेपोटी पैसे खर्च करून ते परत न मागणारे खेळाडू इतके आहेत, ते सजावटीवर, स्पर्धेच्या प्रवेशावर किंवा मोसमी पासवर एवढा खर्च करतात, आणि बक्षिसाचे वाटप त्या उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांच्या वर जात नाही. अर्थव्यवस्था टिकण्यासाठी आनंदाने पैसे गमावणारा माणूस लागतो. सिनेमाचे तिकीट काढणारा असाच माणूस असतो आणि त्यात गैर काहीच नाही. तो या गेममध्ये कोण, हे कंपनीला सांगता आले पाहिजे.

आकडे वाचताना

सक्रिय वॉलेटची संख्या म्हणजे खेळाडूंची संख्या, असे कधीही धरू नये. वॉलेट उघडायला काही खर्च नसतो, एक माणूस पन्नास वॉलेट चालवू शकतो, आणि टोकनचे मोफत वाटप होणार अशी नुसती कुजबुज झाली तरी यंत्रचलित खाती हजारांनी जमा होतात. या क्षेत्राची एक मोठी सोय अशी की व्यवहार उघड्यावर असतात, आणि ती सोय बरेच गुंतवणूकदार वापरतच नाहीत. ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे साखळीवरचे (ब्लॉकचेनवरचे) व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टोकनच्या स्मार्ट कराराचा (साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता टाकून तासभर बसले तरी पुष्कळ कळते: पहिल्या वीस वॉलेटकडे किती टक्के माल आहे, त्यांतली किती एकाच वॉलेटमधून भरली गेली आहेत, बाजारातली खरेदी-विक्री त्याच त्या चार पत्त्यांमध्ये फिरते आहे का. सर्वाधिक खर्च करणारी दहा वॉलेट वगळून उत्पन्न पुन्हा मोजावे. कंपनीने दिलेला आकडा आणि साखळीवर दिसणारा आकडा यांत तफावत आढळली तर तिचे लेखी स्पष्टीकरण मागावे.

टोकनच्या वाटपातही हीच शिस्त हवी. ॲक्सीच्या दुसऱ्या टोकनची, एएक्सएसची, कमाल संख्या २७ कोटी ठरवलेली होती आणि त्यातला २१ टक्के हिस्सा कंपनीच्या चमूचा, ७ टक्के सल्लागारांचा व ४ टक्के खासगी विक्रीचा होता. हा हिस्सा काही वर्षांत टप्प्याटप्प्याने खुला होणार होता. समोरच्या कंपनीचा असा तक्ता मिळाला की तो तिच्या रोकड-आराखड्याशेजारी ठेवावा. कंपनीकडचे पैसे मार्चमध्ये संपणार असतील आणि आधीच्या गुंतवणूकदारांची टोकन जानेवारीत खुली होणार असतील, तर फेब्रुवारीत काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. एकूण टोकनांपैकी जेमतेम ८-१० टक्के बाजारात असताना त्यांच्या भावाने सगळ्या टोकनांचे मूल्य काढून कंपनीचे मूल्यांकन मागितले जात असेल, तर ती मागणी विचारातच घेऊ नये.

किल्ल्या कोणाकडे आहेत

ॲक्सीचे व्यवहार ज्यावर चालत त्या रोनिन या ब्लॉकचेन जाळ्यावर मार्च २०२२मध्ये दरोडा पडला आणि १,७३,६०० इथर (इथेरियम साखळीचे चलन) व २.५५ कोटी यूएसडीसी (डॉलरशी भाव जोडलेले टोकन), म्हणजे त्या वेळच्या भावाने साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. अमेरिकेच्या एफबीआयने तो उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर गटाचा असल्याचे म्हटले. या प्रकरणातला बारकावा छाननीसाठी मोलाचा आहे. व्यवहार मंजूर करायला नऊपैकी पाच प्रमाणकांच्या (व्यवहार तपासून मान्य करणाऱ्या संगणकांच्या) डिजिटल सह्या लागत, आणि त्यांतले चार एकट्या स्काय मेव्हिसकडे होते. नोव्हेंबर २०२१मध्ये कामाचा ताण वाढला म्हणून ॲक्सी डाओने (ॲक्सीच्या टोकनधारकांच्या सामूहिक संघटनेने) कंपनीला आपल्या वतीने सही करण्याची परवानगी दिली. डिसेंबरमध्ये तो वापर थांबला, पण परवानगी काढून घ्यायची राहून गेली. पाचवी सही तिथून मिळाली. चोरी उघडकीस आली ती सहा दिवसांनी, एका वापरकर्त्याला ५,००० इथर काढता येईनात तेव्हा.

म्हणून कोडचे परीक्षण झाले आहे का, एवढे विचारून भागत नाही. सही करण्याच्या किती डिजिटल किल्ल्या आहेत, त्या किती वेगवेगळ्या माणसांकडे आहेत, त्यांतला एखादा नोकरी सोडून गेला तर किती दिवसांत त्याचा अधिकार रद्द होतो, आणि तिजोरीतून मोठी रक्कम हलली तर कोणाचा फोन वाजतो, हे विचारावे. परीक्षणाचा अहवाल मिळाला की त्यातला कोड आणि प्रत्यक्ष चालू असलेला कोड एकच आहे ना, हेही तपासून घ्यावे.

दुकान आणि कायदा

गेम कुठे विकणार, हा प्रश्न वाटतो त्याहून निर्णायक आहे. संगणकावरच्या खेळांचे सर्वांत मोठे दुकान असलेल्या स्टीमने ऑक्टोबर २०२१मध्ये क्रिप्टो व एनएफटीची देवघेव होणारे गेम बंद केले. ॲपलच्या २०२२च्या नियमांनुसार ॲपमधली एनएफटी-विक्री त्यांच्याच देयक-व्यवस्थेतून, म्हणजे त्यांचे कमिशन देऊन, करावी लागते, आणि एनएफटी असल्यामुळे ॲपमधली जादा सुविधा खुली होता कामा नये; अनेक कंपन्यांचा सगळा आराखडा नेमका या सुविधेवर उभा असतो. गूगल प्लेने २०२३मध्ये दार अंशतः उघडले आहे.

भारतीय खेळाडूंकडून पैसे घेणाऱ्या कंपनीसाठी २०२५चा ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा सर्वांत आधी वाचावा. पैसे किंवा पैशांसारखे काही लावून, त्याबदल्यात आर्थिक लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, या कायद्याने प्रतिबंधित केला आहे, आणि ‘पैशांसारखे’ या व्याख्येत पैसे देऊन घेतलेली नाणी व टोकनही येतात. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरीही ‘खेळा आणि कमवा’ छापाचा आराखडा घेऊन आलेल्या पुण्या-मुंबईच्या कंपनीकडून वकिलाचे लेखी मत घेतल्याशिवाय पुढची बैठक ठेवू नये. कराचा मुद्दा सरळ आहे: आभासी डिजिटल मालमत्तेवरील (यात असे टोकन येतात) नफ्यावर २०२२पासून ३० टक्के कर आहे, हस्तांतरावर १ टक्का टीडीएस कापला जातो आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. हे खेळाडूलाही लागू आहे, आणि पन्नास रुपयांची तलवार विकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यात हा हिशेब बसवणे हे कंपनीपुढचे खरेखुरे काम आहे.

करारात काय लिहून घ्यावे

सर्वाधिक फसगत कंपनीच्या रचनेत होते. गेम बनवणारी कंपनी भारतात नोंदलेली असते आणि टोकन मात्र परदेशातली वेगळी संस्था काढते. गुंतवणूकदार समभाग घेतो भारतीय कंपनीचे, आणि मूल्य साठते परदेशी संस्थेत. वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या लक्षात येते की आपण पगार देणाऱ्या कार्यशाळेचे भागीदार आहोत आणि दुकान दुसऱ्याचे आहे. यासाठी समभागांसोबत त्या प्रमाणात टोकन मिळण्याचा हक्क लेखी घ्यावा, परदेशी संस्थेवर नियंत्रण कोणाचे हे कागदोपत्री पाहावे, बौद्धिक संपदा कोणत्या संस्थेच्या नावावर आहे ते तपासावे, आणि संस्थापकांची टोकन आपल्या आधी खुली होणार नाहीत अशी अट घालावी. परदेशी टोकन प्रत्यक्ष स्वीकारता येतील का, हे परकीय चलनविषयक नियम पाहून सनदी लेखापालानेच सांगावे.

अनुदान देणाऱ्या संस्थेचे काम थोडे निराळे आहे, कारण तिला परताव्यापेक्षा काम पुरे होण्याशी देणेघेणे असते. स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेत संकल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंतचे अनुदान टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत ठरवण्यात आली. तोच नमुना इथे घ्यावा, पण टप्पे टोकन बाजारात सूचिबद्ध होण्याशी किंवा वॉलेटच्या संख्येशी बांधू नयेत. खेळता येण्याजोगा एक संपूर्ण डाव, तिसाव्या दिवशी परतणाऱ्यांचे प्रमाण, परीक्षणात सापडलेल्या दोषांची दुरुस्ती, असे टप्पे ठेवावेत. एखाद्या ब्लॉकचेनच्या प्रतिष्ठानाकडूनही अनुदान आलेले असेल, तर ते रोख आहे की त्यांच्याच टोकनमध्ये, आणि त्याबदल्यात किती काळ दुसऱ्या साखळीवर जाता येणार नाही, हे विचारून घ्यावे.

एक कलम बहुतेक करारांत नसते आणि ते मी आग्रहाने घालायला सांगतो: गेम बंद झाला तर काय. मे २०१९मध्ये ‘एफ वन डेल्टा टाइम’ या गेममधली एक मोटार सुमारे ४१६ इथरला, तेव्हाच्या भावाने एक लाख डॉलरहून अधिकला, विकली गेली. मार्च २०२२मध्ये नाव वापरण्याच्या परवान्याचे नूतनीकरण झाले नाही आणि गेम बंद पडला. टोकन साखळीवर तसेच राहिले, मोटारीला मात्र धावायला रस्ता उरला नाही. ॲनिमोका ब्रँड्स या कंपनीने खेळाडूंना दुसऱ्या गेममधल्या मोटारी बदली म्हणून देऊ केल्या. म्हणून जाहिरात म्हणा, दुसरा खर्च म्हणा, काहीही थकले तरी चालेल, पण सर्व्हर किमान सहा महिने चालेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात असावी, बंद करण्याची सूचना नव्वद दिवस आधी दिली जावी, त्या काळात नवी विक्री थांबवावी, आणि उधार घेतलेल्या नावावर गेम उभा असेल तर परवान्याची मुदत संपण्याची तारीख कराराच्या पहिल्याच पानावर लिहिलेली असावी.