बेसबॉलची मॅच संपल्यावर अंपायरशी कसं वागायचं

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतली बरीच पोरं आता लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतात, काही बाबामंडळी पण विकेंडला मोठ्यांच्या लीगमध्ये उतरतात, आणि आपण सगळे क्रिकेटवर वाढलेलो असल्यामुळे मॅच संपली की हात पुढे करून सरळ अंपायरकडे जातो. क्रिकेटमध्ये ते बरोबरच आहे, तिथे नियमांच्या प्रस्तावनेतच आहे की निकाल काहीही लागो, शेवटी अंपायरचे आणि समोरच्या टीमचे आभार मानायचे. बेसबॉलमध्ये मात्र शेवटचा आऊट झाला की अंपायर थांबतच नाहीत, दोघं असतील तर एकमेकांसाठी थांबतात, उरलेले बॉल परत करतात आणि सोबतच बाहेर पडतात. नवीन माणसाला हे तुटक वाटतं. पण त्यांना शिकवलेलंच तसं असतं, कारण हरलेल्यांच्या डगआऊटसमोर (टीम बसते त्या जागेसमोर) रेंगाळलं की कुणीतरी अंपायरने दिलेला तो मघाचा स्ट्राइक (बॅटरच्या टप्प्यातला ठरवलेला बॉल) उकरून काढणार, आणि जिंकलेल्यांशी हसत बोलत उभं राहिलं की दुसऱ्या बाजूला वाटणार की हे आधीपासूनच मिळालेले होते.

म्हणून सगळ्यात आधी हे, त्यांच्या मागे जायचं नाही. दोन्ही टीम रांगेत येऊन हात मिळवतात त्यात सहसा अंपायर नसतो, त्याला ओढून आणू नका. जवळून जात असेल तर 'थँक यू सर' किंवा 'थँक यू मॅम', बस. हात त्याने पुढे केला तर मिळवा, नाही केला तर काही बिघडत नाही. बरेच खेळाडू शर्टाच्या रंगावरून अंपायरला 'ब्लू' म्हणतात, सगळ्यांनाच ते आवडत नाही, पोरांना सर-मॅमच शिकवा. कॅचरचं थोडं वेगळं असतं, अख्खी मॅच तो बॅटरमागे उभ्या असलेल्या प्लेट अंपायरच्या पुढ्यात बसून अंगावर येणारे बॉल अडवत असतो, त्यामुळे त्याने मास्क काढून, वळून, नजर देऊन थँक यू म्हटलं तर छान दिसतं, आणि चांगले अंपायर त्याला उलट थँक यू म्हणतातच.

त्या थँक यूला शेपूट लावू नका. 'थँक यू, पण सेकंड बेसवर तो सेफ होता हं' याला आभार म्हणत नाहीत. जिंकल्यावरची शेपूट तर जास्त वाईट, 'काय मस्त अंपायरिंग केलंत' असं मोठ्याने म्हणालात की पलीकडची हरलेली पोरं आणि त्यांचे आईबाप ते ऐकतात आणि त्रास त्या अंपायरला होतो. जिंकलो काय हरलो काय, तेच दोन शब्द, त्याच आवाजात.

आता एखादा कॉल खरंच चुकला असेल तर? बॉल-स्ट्राइक (टाकलेला बॉल टप्प्याबाहेर की टप्प्यात), सेफ-आऊट हे अंपायरच्या नजरेवरचे निर्णय, लिटल लीगमध्ये त्यावर प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत हरकत, होतच नाही. प्रोटेस्ट होते ती नियम चुकीचा लावला म्हणून किंवा अपात्र खेळाडू खेळवला म्हणून, आणि नियमाबद्दलची असेल तर मॅनेजरने (टीमच्या मुख्य कोचने) तिथल्या तिथे, पुढचा प्ले सुरू व्हायच्या आत सांगावी लागते, म्हणजे मॅच संपल्यावर वाद घालून हाती काहीच येत नाही. समजूनच घ्यायचं असेल तर रात्र जाऊ द्या आणि मॅनेजरमार्फत लीगच्या अंपायर बघणाऱ्या माणसाला मेल करा, कुठली इनिंग, काय झालं, कुठला नियम, इतकंच. आणि हायस्कूलच्या नियमांत अंपायरचा अधिकार तो मैदान सोडेपर्यंत चालू असतो, त्यामुळे मॅच संपली आता काहीही बोललं तरी चालतं हा समज काढून टाका.

पार्किंग लॉटमध्ये तर अजिबात नाही. तिथे तो गाडीची डिकी उघडून पॅड सोडत असतो, एकटा असतो, आणि तुम्ही कितीही शांतपणे गेलात तरी त्याला ते अंगावर आल्यासारखंच वाटणार. तुम्ही मॅचमध्ये ओरडला असाल आणि सॉरी म्हणायचं असेल तरी पुढच्या मॅचआधी म्हणा किंवा कोचला सांगा.

मोठ्यांच्या लीगवाल्यांनी एक बघा, अंपायरची फी रोख द्यायची असेल तर पहिला बॉल टाकायच्या आधीच देऊन टाका. हरल्यावर पैसे मोजत उभं राहणं दोघांनाही अवघड जातं.

छोट्या पोरांच्या मॅचला बऱ्याचदा अंपायर म्हणजे १४-१५ वर्षांचं पोर असतं, आपल्याच शेजारचं, आणि त्याच्यावर ४०-४५ वर्षांची माणसं खेकसतात, हे बघवत नाही हो. २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लिटल लीगने नियमच केला की अंपायरला त्रास देणाऱ्या पालकाने आधी ३ मॅच स्वतः अंपायरिंग करायची, मगच मॅच बघायला परत यायचं. का, तर त्यांचे स्वयंसेवक अंपायर काम सोडून चालले होते. मला हा नियम मनापासून पटतो.

तुमचा मुलगा किंवा मुलगी अंपायरिंग करत असेल तर त्यांनाही सांगा, मॅचनंतर कुणाला कॉल समजावत बसायचं नाही, दोन्ही टीमशी सारखंच बोलायचं, पळत जायचं नाही पण थांबायचंही नाही, आणि कुणाला मैदानाबाहेर काढलं असेल तर त्याच रात्री रिपोर्ट लिहायचा, कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे, स्वतःचं मत न घालता. चूक झाली असेल तर ती मान्य करायची जागाही मैदान नाही. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गॅलरागा या पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू न देता जिंकलेली मॅच, अगदी शेवटच्या आऊटवर अंपायर जिम जॉइसच्या चुकीच्या कॉलने गेला, जॉइसने नंतर रिप्ले बघितला आणि आत, समोरासमोर गॅलरागाची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी गॅलरागा स्वतः लाइनअप कार्ड (टीमच्या खेळाडूंची यादी) घेऊन प्लेटवर जॉइसकडे गेला. ही मोठ्या लीगमधली गोष्ट, पण पोरांना सांगायला याहून चांगली मला तरी माहीत नाही.

आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंपायरचा चेहरा दिसतो तो क्लिप टाकू नका, कुणी टाकला असेल तर मॅनेजरने लगेच काढायला लावायचा.