लहान मुलांतील स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका आणि मोबाइलचा योग्य वापर

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या वागण्याबद्दल शंका असेल, तर मोबाइलमधील सर्वांत उपयोगी साधन त्याचा कॅमेरा आहे, असे माझे ठाम मत आहे. कारण दवाखान्यात मूल बुजते, रडते आणि घरी रोज दिसणारे वागणे डॉक्टरांना तिथे दिसतच नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेची परवानगी मिळालेले, स्वमग्नतेच्या निदानाला मदत करणारे ‘कॅनव्हास डीएक्स’ हे सॉफ्टवेअरसुद्धा पालकांनी घेतलेले व्हिडिओ आणि प्रश्नावल्या वापरते, आणि तेही डॉक्टरांच्या मदतीसाठीच आहे.

मूल खेळात रमलेले असताना मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो बाजूला टेकवून ठेवावा आणि मागून नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारावी. टाळी वाजवू नये, खाऊ दाखवू नये. साताऱ्याकडे ऊसतोडीच्या हंगामात दारावरून ट्रॉली जाते, तेव्हा मूल तिच्याकडे बोट दाखवून लगेच आजीच्या तोंडाकडे पाहते का, की एकटेच चाकांकडे टक लावून बसते, हे टिपावे. त्यासाठी आजीचा चेहरा आणि मुलाचे डोळे दोन्ही व्हिडिओत यायला हवेत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ धूसर होतो, म्हणून मूळ फाइल जपावी. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र ती मुळीच टाकू नये.

यानंतर एम-चॅट-आर ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची २० प्रश्नांची, स्वमग्नतेची शक्यता तपासणारी मोफत प्रश्नावली भरावी. ३ ते ७ गुण आल्यास पुढचे प्रश्न विचारून खात्री करावी लागते, ८ किंवा अधिक आल्यास थेट तज्ज्ञांकडे जावे. हे निदान नव्हे, आणि कमी गुण आले तरी आईच्या मनातली शंका खोटी ठरत नाही.

मूल हाकेला ओ देत नसेल, तर ते ट्रॅक्टरच्या आवाजाने धावत असले तरी ऐकण्याची तपासणी आधी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेचे, मुलांची आरोग्य तपासणी करणारे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. सेविकाताईंना सांगून ठेवल्यास ते पथक मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले’ असे कोणी म्हटले म्हणून थांबू नये. बोलत असलेले शब्द मूल विसरू लागले असेल, तर पथकाची वाटही पाहू नये. व्हिडिओ, भरलेली प्रश्नावली आणि लसीकरणाचे कार्ड घेऊन त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे.