पहिल्या बाळासाठी काय घ्यायचं, काय नाही

सातवा महिना लागला की सगळे लिस्टा पाठवायला लागतात, पण खरं सांगते, पहिल्या दीड महिन्यात लागतात ते लंगोट, झबली आणि दुपटी, बाकी सगळं नंतर. बाळ दिवसाला सहा-आठ वेळा तरी शू करतं, त्यात पावसाळा असेल तर कपडे वाळतच नाहीत, म्हणून लंगोट २५ तरी हवेतच. झबली ६-७ पुरे, पुढून बंदाची घ्या, डोक्यातून घालायची नकोत, मान धरत नाही ना अजून. कापड गालाला लावून बघा, शिवण टोचली तर बाळालाही टोचणारच. आजीची जुनी सुती साडी मिळाली तर दुपट्यांना तिच्यासारखं काही नाही! नवीन कपडे मात्र धुऊनच घाला.

डिजिटल थर्मामीटर नक्की घ्या, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप दिसला की लगेच डॉक्टर, घरी वाट बघत बसू नका प्लीज.

पावडर, काजळ, मोहरीची उशी, वॉकर अजिबात नको. आणि बारशाला कपडे येतातच ढीगभर, तेव्हा मोठ्या साइजचे मागून घ्या.