घरच्या घरी नाण्यांचे फोटो काढताना या चुका टाळा

नाण्याचा फोटो मनासारखा आला नाही की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो आणि नवा फोन घ्यावा की वेगळी लेन्स, याची चौकशी सुरू होते. वास्तविक दोष बहुतेक वेळा प्रकाशाचा असतो आणि टेबलावरचा दिवा वीतभर सरकवूनही तो दूर होऊ शकतो.

सर्रास होणारी चूक म्हणजे फोनचा फ्लॅश वापरणे. फ्लॅश लेन्सला अगदी लागून असल्याने त्याचा प्रकाश नाण्याच्या सपाट भागावरून थेट लेन्समध्ये परततो, मधोमध पांढरा डाग पडतो आणि अक्षरे त्यात बुडून जातात. त्याऐवजी साधा टेबललॅम्प नाण्याच्या वरच्या बाजूला, घड्याळात दहा किंवा अकराचा आकडा असतो त्या दिशेला ठेवावा. प्रकाश खालच्या बाजूने आला तर उठावाचा चेहरा खोदल्यासारखा आत गेलेला भासतो, कारण उजेड वरूनच येतो असे आपली नजर गृहीत धरते.

दिव्याच्या उंचीचा मात्र एकच नियम सांगता येत नाही. झिजलेल्या नाण्यासाठी दिवा खाली आणून प्रकाश तिरपा पाडला की पुसट अक्षरांच्या कडेला सावली धरते आणि वाचता न येणारे सालही कधी कधी लागते; तोच तिरपा प्रकाश चकचकीत नाण्यावर पाडल्यास प्रत्येक बारीक ओरखडा मोठा होऊन दिसतो, म्हणून तेथे दिवा उंच हवा. सर्वांत चांगला उपाय म्हणजे फोन स्थिर ठेवून, नजर स्क्रीनवर ठेवून, दिवा हाताने हळूहळू फिरवत राहणे. झगमगाट फारच होत असेल तर दिव्यासमोर, पण गरम बल्बला न टेकवता, बटर पेपर धरावा. काही जण नाण्याभोवती पांढऱ्या कागदाचा तंबूच उभारतात. त्याने चमक आटोक्यात येते खरी, पण नव्या नाण्याची झळाळीही मरते.

खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र वापरल्यास तांब्याचे नाणे एका अंगाने निळसर आणि दुसऱ्या अंगाने नारिंगी दिसते व ते नंतर नीट दुरुस्त करता येत नाही. प्रकाश एकाच प्रकारचा ठेवावा. पार्श्वभूमी करडी असावी, कारण पांढऱ्या कागदावर कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो आणि नाणे काळवंडते.

फोटो धूसर येण्याचे कारण बहुधा अति जवळीक असते. ठरावीक अंतराच्या आत लेन्स फोकस करूच शकत नाही, आणि काही फोन अशा वेळी आपोआप रुंद लेन्सकडे वळतात, त्यामुळे नाण्याचा आकार बिघडतो. फोन थोडा दूर न्यावा, डिजिटल झूम टाळावा आणि नंतर क्रॉप करावे. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांच्या दोन समान चळतींवर फोन आडवा ठेवून टायमर लावला तरी हात हलण्याचा प्रश्न मिटतो. नाणे लंबगोल दिसत असल्यास फोन कलला आहे असे समजावे. नाण्याच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मध्यभागी आले की कोन जुळला.

फोटोसाठी नाणे घासून लख्ख करणे ही मात्र भरून न येणारी चूक आहे. चिंच, टूथपेस्ट किंवा पॉलिश यांनी मूळ पृष्ठभाग जातो आणि त्याबरोबर संग्राहकाच्या दृष्टीने असलेले मोलही. नाणे कडेने धरावे, खाली मऊ कापड अंथरावे, आणि सुटी धूळ हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने उडवण्यापलीकडे काही करू नये.

ओळख पटवण्यासाठी फोटो पाठवायचा असल्यास दोन्ही बाजू त्याच प्रकाशात काढाव्यात, सोबत व्यास व वजन लिहावे, रंग गडद करणारे फिल्टर लावू नयेत आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. मेसेजिंग अ‍ॅपमधून साधा फोटो म्हणून पाठवल्यास तो दाबून लहान केला जातो आणि टांकसाळीच्या खुणेसारखे बारीक तपशील त्यातच हरवतात.