हात पोहोचत नाही तिथली दुरुस्ती : शिडाच्या बोटीवर या चुका टाळा

शिडाच्या बोटीवरची बरीचशी दुरुस्ती मुळात अवघड नसते, अवघड असतं ते तिथवर पोहोचणं. कूलिंग पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) टेबलावर बदलायचा असेल तर काही मिनिटांचं काम. पण पंप आणि लाकडी पार्टिशन यांच्यात जेमतेम चार बोटांची फट असेल, तर त्याच कामात अर्धा दिवस जातो आणि बोटांची सालटी निघतात ती वेगळीच. याचं कारण बोट बांधण्याच्या क्रमात आहे. कारखान्यात बनणाऱ्या फायबरग्लासच्या बोटींत बहुधा इंजिन, टाक्या, पाइप आणि बरंचसं फर्निचर आधी बसतं, डेक त्यावर नंतर चढतो. बसवणाऱ्याला वरून मोकळी जागा होती. आपल्याला तेच काम वाकून, एका हाताने, अंदाजाने करावं लागतं.

म्हणून पोहोचायची वाट मोकळी करणं ही पहिली दुरुस्ती समजा, आणि मूळ बिघाड दुसरी. हा क्रम उलटा केला की एका बिघाडाचे तीन होतात. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच येतात.

न बघता पाना लावणं

बोटांना नट लागतो, पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. आता तो नट मोकळ्या जागेतही निघायला जड गेला असता, इथे तर विचारूच नका. हात घालण्याआधी फोन घाला. टॉर्च लावून व्हिडिओ चालू करा, फोन फटीतून सावकाश फिरवा आणि बाहेर काढून शांतपणे बघा. फोन जात नसेल तर वायरच्या टोकाला बारीक कॅमेरा असलेला एंडोस्कोप फोनला जोडून वापरता येतो. काहीही खोलण्याआधीचे फोटोही याच वेळी काढून ठेवा. कुठली वायर कुठल्या पाइपाच्या मागून गेली होती हे संध्याकाळपर्यंत कुणाच्याही लक्षात राहत नाही.

आरशात बघून काम करताना एक गोष्ट हमखास फसवते. आरशात फिरण्याची दिशा उलटी दिसते. बोल्टच्या मागच्या बाजूने हात घातला तरी तसंच होतं. सैल करतोय असं समजून माणूस नट आवळत राहतो आणि आटे जातात. जवळच्या दिसणाऱ्या भागावर मार्करने बाण काढून ठेवा, डोक्यातल्या हिशेबावर विसंबू नका.

पाना फिरवायला जागा नाही ही तक्रार पुष्कळदा चुकीचा पाना घेतल्याने येते. साध्या फिक्स पान्याचं तोंड दांड्याशी 15 अंशांनी कललेलं असतं. दर हिसक्यानंतर पाना उलटा करून लावला तर षटकोनी नट फिरवायला 30 अंशांची जागा पुरते. 72 दात्यांच्या रॅचेट रिंग पान्याला तर 5 अंशही पुरे होतात. पाइपाच्या होज क्लिपा स्क्रूड्रायव्हरने सोडवू नका, तो घसरतो आणि शेजारचा पाइप फोडतो. क्लिपच्या स्क्रूचं डोकं षटकोनी असतं, बहुधा 7 किंवा 8 मिमीचं. लवचिक दांड्याचा बॉक्स पाना त्यावर कोपऱ्यातूनही बसतो. आणि नवी क्लिप लावताना तिचं डोकं तुमच्या हाताच्या बाजूला येईल अशीच फिरवून आवळा. अडगळीतल्या कामात याहून स्वस्त सुधारणा नाही.

पंप जागेवरच ठेवण्याचा हट्ट

इम्पेलरच्या बाबतीत हा हट्ट सर्रास दिसतो. पंपाचं झाकण चार ते सहा बारीक स्क्रूंवर असतं, त्यातला खालचा स्क्रू दिसत नाही, आणि नेमका तोच हातातून सुटतो. त्यापेक्षा आधी बघा की पंप ज्या बोल्टांवर बसला आहे ते हाताशी आहेत का. असतील तर सी-कॉक (बोटीच्या तळातून पाणी आत येणाऱ्या भोकावरचा झडपेचा नळ) बंद करा, पाइप सोडवा आणि अख्खा पंप बाहेर काढा. सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटतं. पण पंप उजेडात, टेबलावर, दोन्ही हातांत आला की जुना इम्पेलर पंपाचं घर (आतली पोकळी) न ओरबाडता निघतो, झाकणावरची झीज दिसते आणि कागदी गॅस्केट सरळ बसतं. रबराला ग्लिसरीन किंवा भांड्यांचा लिक्विड साबण लावा. पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, काही रबरं त्याने फुगतात.

जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा कुठेतरी आहेच, आणि तो सहसा हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी जाऊन अडकलेला असतो. सगळे तुकडे जुळवून अख्खं पातं पूर्ण होत नाही तोवर काम संपलेलं नाही. नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापत असेल तर पहिला संशय या तुकड्यांवर घ्या. दुसरा घ्या गाळणीच्या झाकणावर, कारण तिथून हवा ओढली गेली की पंप पाणी खेचत नाही. आणि सी-कॉक उघडायचा राहिला नाही ना, हेही बघा. इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी पडताना दिसलं नाही तर ताबडतोब बंद करा.

पुष्कळ पंपांना हाताने फिरवायच्या मोठ्या स्क्रूंचं झाकण मिळतं. तुमच्या पंपाला मिळत असेल तर बंदरात असतानाच बसवून घ्या. पुढची वेळ लाटांत आणि अंधारात येऊ शकते.

खाली पडणाऱ्या वस्तूंची तयारी न करणं

नट पडणार हे धरून चाला. इंजिनाखालची फट काम सुरू करण्याआधीच जुन्या चादरीने किंवा स्पंजने बुजवा. चुंबकाची कांडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बोटीवरचे चांगले नट-बोल्ट 316 स्टेनलेसचे किंवा ब्राँझचे असतात, आणि ते चुंबकाला चिकटत नाहीत. त्यासाठी तीन बोटांच्या पकडीची लवचिक वायर जवळ हवी. नट परत बसवताना तो बॉक्स पान्यात ग्रीसने चिकटवा, वॉशरला बारीक दोरा ओवून ठेवा आणि नट दोन आटे पकडल्यावरच दोरा ओढून घ्या. पाना मनगटाला बांधा. पडलेली वस्तू सापडली नाही तर तशीच सोडून इंजिन चालू करू नका. पट्टा, फ्लायव्हील आणि बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) हे तिघेही तिची वाट बघत असतात.

पाण्याखालच्या पाइपावर जोर करणं

ही चूक बोट बुडवू शकते, म्हणून इथे जरा थांबून वाचा. सी-कॉक बहुधा सिंकखाली किंवा लॉकरच्या तळाशी असतो आणि त्यावरचा जुना पाइप डिंक लावल्यासारखा धरून बसलेला असतो. माणूस दोन्ही हातांनी तो पाइप पिळतो, हलवतो, ओढतो. तो सगळा जोर सी-कॉकच्या नळीवर आणि बोटीच्या तळावर येतो. नळी प्लॅस्टिकची असेल तर ती मोडू शकते. पितळेची असेल आणि खाऱ्या पाण्यात तिच्यातलं जस्त निघून गेलं असेल, तर ती वरून धड दिसत असतानाच कचकन तुटते. गुलाबीसर दिसणारं पितळ म्हणजे जस्त गेल्याची खूण. 38 मिमीचं भोक पाण्याच्या रेषेखाली 60 सेंटिमीटरवर उघडं पडलं, तर मिनिटाला 100 लिटरहून जास्त पाणी आत येतं.

पाइप ओढू नका, चिरा. धारदार सुरीने लांबीच्या दिशेने चीर द्या, पण आरपार कापू नका. खालच्या नळीवर ओरखडा उठला तर नवा पाइप तिथूनच गळेल. मग गरम पाणी ओता आणि मऊ झालेला पाइप सोलून काढा. त्याआधी सी-कॉक खरोखर बंद झालाय का ते तपासा. क्लिप सैल करा, पाइपाची कड जराशी उचला. पाणी थोडं येऊन थांबलं तर ते पाइपातलं होतं. वाहतच राहिलं तर कड दाबा, क्लिप आवळा आणि काम बोट वर काढेपर्यंत पुढे ढकला. मापाची लाकडी खुंटी हाताला लागेल अशी ठेवा, दुसऱ्या केबिनमधल्या पेटीत नव्हे. जाम झालेल्या सी-कॉकच्या दांड्यावर लांब नळी चढवून जोर करणं पाण्यात असताना कधीही करू नका.

वीज चालू ठेवून आत शिरणं

अडचणीच्या जागेत हात दिसत नाही, आणि न दिसणारा हात कशाला लागेल सांगता येत नाही. किनाऱ्याची वीज धक्क्यावरच्या प्लगपासून काढा, इन्व्हर्टर बंद करा. 12 व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण बॅटरीच्या टोकांमध्ये पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लालबुंद होतो आणि बोटातली अंगठी मांसासकट भाजते. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. इंजिनाची चावी काढली म्हणजे झालं असं नाही. स्टार्टरची जाड केबल मेन स्विच बंद होईपर्यंत जिवंतच असते, आणि बऱ्याच बोटींत अल्टरनेटरचीही.

स्वतःच्या शरीराचा विचार न करणं

कॉकपिटच्या लॉकरमध्ये उतरण्याआधी वरचं झाकण दोरीने बांधा आणि कुणाला तरी सांगून आत जा. नुसत्या टेकूवर उभं असलेलं झाकण एका लाटेने पडतं, आणि त्याची कडी बाहेरून बसते. गॅसचा किंवा पेट्रोलचा वास आला तर आत शिरू नका. दोन्हीची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशीच साठते.

सुकाणूच्या क्वाड्रंटजवळ (सुकाणूच्या दांड्यावरचा, चाकाच्या तारांनी फिरणारा भाग) काम असेल तर चाक पक्कं बांधा आणि ऑटोपायलटचा ब्रेकर पाडा. चाकाला कुणी हात लावला नाही तरी बाजूने गेलेल्या बोटीची लाट सुकाणू हलवते, आणि क्वाड्रंट व थांबा यांच्यामध्ये सापडलेलं बोट राहत नाही. डोलकाठीवर चढायचं असेल तर दोन वेगवेगळे हॅलयार्ड (शीड वर चढवायचे दोर) वापरा, दोन्ही बोलाईन गाठीने बांधा, स्नॅप शॅकलवर (झटक्यात उघडणाऱ्या कडीवर) जीव सोपवू नका, आणि खाली कुणाला उभं राहू देऊ नका.

डिझेलचा हातपंप आणि वारंवार मारलेला स्टार्टर

फिल्टर बदलल्यावर हवा काढायला इंजिनाच्या बाजूचा छोटा हातपंप चालवावा लागतो. कसाबसा हात पोहोचतो, पण दांडीला हालचालच नसते. पंप बिघडला म्हणून तो काढायला निघू नका. कॅमचा उंचवटा नेमका त्या वेळी पंपाला दाबून धरत असेल तर दांडीला पंप चालवायला वावच उरत नाही. क्रँकशाफ्ट एक फेरी फिरवा आणि पुन्हा करून बघा.

आणि इंजिन पकडत नसताना स्टार्टर मारत राहायचं असेल, तर आधी कूलिंगच्या पाण्याचा सी-कॉक बंद करा. पंप दर वेळी पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा वायू नसतो. मफलर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. सी-कॉक बंद असेपर्यंत त्याच्या दांड्यावर ठळक रंगाची चिंधी अडकवा आणि इंजिन पकडल्याबरोबर तो उघडा.

चुकीच्या जागी भोक पाडणं, किंवा कधीच न पाडणं

दर वर्षी त्याच जागी हात अडकत असेल तर तिथे तपासणीचं झाकण बसवणं हाच खरा उपाय आहे. फर्निचरला भोक पाडायला लोक फार बिचकतात. माझ्या मते एक नीट बसवलेलं गोल झाकण बोटीचं मोल घटवत नाही. भीती बाळगायची ती भलत्या ठिकाणी कापण्याची. तळाचे स्ट्रिंगर (मजबुतीचे लांब आधार), डोलकाठीचा भार पेलणाऱ्या फळ्या, चेनप्लेटच्या (डोलकाठीच्या ताणाच्या तारा जिथे बोटीला जोडतात त्या पट्ट्यांच्या) आसपासचा भाग आणि फायबरग्लासने हलला (बोटीच्या मुख्य कवचाला) जोडलेले बल्कहेड (आतल्या आडव्या भिंती) यांना हात लावायचा नाही. कापण्याआधी मागे वायर, पाइप किंवा टाकी नाही ना, ते कॅमेऱ्याने बघून घ्या. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातून तडा जातो. प्लायवूडची कापलेली कड इपॉक्सीने बंद करा, नाहीतर पाणी पिऊन ती फुगेल. फायबरग्लास कापताना मास्क हवाच. टाकीवर झाकण बसवायचं असेल तर आतल्या आडव्या पडद्यांमुळे होणाऱ्या प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झाकण लागतं.

स्क्रूसारखी फिरणारी गोल झाकणं 4, 6 आणि 8 इंचांत मिळतात. चार इंचातून हात जातो, पण हात आत गेला की काहीच दिसत नाही. जागा असेल तर आठच घ्या. करवत लावण्याआधी तेवढंच भोक पुठ्ठ्यात कापा, तो पुठ्ठा ठरवलेल्या जागी जितका जवळ धरता येईल तितका धरा, आणि प्रत्यक्ष ज्या पान्याने काम करायचं तो पाना मुठीत घेऊन हात आत घाला. मूठ वळत नसेल तर पुठ्ठा दोन इंच सरकवून पुन्हा बघा.